चहा येईपर्यंत टिकणारी सुरुवात

बुद्धिबळात पहिली खेळी कुठली करावी, हा प्रश्न मला या वयात पडावा याला माझा मुलगा आणि सून जबाबदार आहेत. त्यांना विचारलंत तर ते नाही म्हणतील. पण त्यांना विचारता यायचं नाही, कारण ते मीटिंगमध्ये आहेत.

दोघांचीही ऑफिसं घरात येऊन बसली आहेत. मुलाचं बाहेरच्या खोलीत, सुनेचं आतल्या. सकाळचं आवरलं की दोन्हीकडे कानांना यंत्रं लागतात आणि दोन शिकलीसवरलेली माणसं दिवसभर भिंतीशी गोड बोलतात. माझ्याशी बोलायची वेळ आली की खुणा करतात. सोफ्यावर बसले तर मी मुलाच्या मागे दिसते. जेवणाच्या टेबलाशी बसले तर सुनेचं दार उघडल्यावर तिच्या मागे दिसते. स्वयंपाकघरात दिसत नाही, पण ऐकू येते. मिक्सर लावायचा तर दोघांची परवानगी काढायची. शिंक आली तर बाथरूममध्ये जाऊन शिंकायचं. जे घर मी नुसत्या आवाजावर चालवलं, त्या घरात मी चपला हातात घेऊन चोरासारखी फिरत होते. फिरत होते म्हणजे फिरतच होते. बूड टेकायला जागा नव्हती.

आमच्या ह्यांना काही त्रास नाही. ते लग्न झाल्यापासून गॅलरीत पेपर वाचत बसलेले आहेत. घरात नवी व्यवस्था आली आहे हे त्यांना अजून कोणी कळवलेलं नाही.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक खोली आहे. मोठी, हवेशीर, सगळ्यांच्या वर्गणीतून रंगवलेली. दुपारभर तिथे तीन म्हातारे बुद्धिबळ खेळतात आणि बाकीच्या खुर्च्या रिकाम्या असतात. एका दुपारी मी विणकाम घेतलं, खाली गेले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. कित्येक महिन्यांनी पाठ टेकली होती. दोन ओळी विणून होतात न होतात तोच त्यांच्यातले अध्यक्ष उठून आले. ते पूर्वी वजनमापे खात्यात निरीक्षक होते. समोरचा माणूस किती ग्रॅमने कमी भरतो, अशाच नजरेने ते अजून बघतात.

"बाई, आपण खेळाडू आहात का?"

"मी विणते आहे."

"ते दिसलं. पण दुपारी ही खोली खेळाडूंसाठी आहे."

"मी तुमच्या खेळात येत नाही. तुम्ही खेळा."

"सुयांचा आवाज होतो," ते म्हणाले.

वरच्या मजल्यावरून मी माझ्या आवाजासाठी हाकलली गेले होते, ते एक वेळ समजू शकते. माझा आवाज खणखणीत आहे. पण सुयांच्या आवाजासाठी? मी लोकर गुंडाळली आणि तडक सेक्रेटरींकडे गेले.

सेक्रेटरी पाण्याच्या पंपाशी उकिडवे बसून पंपाची समजूत काढत होते. "काकू, तसा ठरावच आहे," ते मान वर न करता म्हणाले. "दुपारची खोली बुद्धिबळ मंडळाकडे."

"मग मला मंडळात घ्या."

आता मात्र त्यांनी मान वर केली. "तुम्हाला येतं खेळायला?"

"त्यात काय आहे एवढं?"

माझ्या आयुष्यातले सगळे घोळ या एका वाक्यातून सुरू झालेले आहेत. सोंगट्या कशा चालतात ते मला येत होतं. सासऱ्यांनी शिकवलं होतं, कारण घरातलं दुसरं कोणी त्यांच्याशी खेळायला तयार नसे. हरायला लागले की ते पट उधळायचे. त्यामुळे डाव संपवायचा कसा हे मला कधी कळलंच नाही, पण घोडा अडीच घरं जातो आणि उंट तिरका पळतो एवढं पक्कं होतं.

सेक्रेटरींनी मला नियम सांगितला. उमेदवाराने अध्यक्षांशी एक डाव खेळायचा आणि चहा येईपर्यंत टिकायचं. जिंकायची अट नाही. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्या बाई दुपारची किटली आणतात, ती येईपर्यंत राजा शाबूत राहिला पाहिजे. मागे कोणी एक गृहस्थ आले, बसल्या बसल्या हरले, आणि मग चहाला थांबून दोन कप पिऊन गेले. तेव्हापासून हा नियम.

"आणि अर्ज द्यावा लागेल," सेक्रेटरी म्हणाले. "फ्लॅट कोणाच्या नावावर आहे?"

"मुलाच्या."

"मग त्याची सही लागेल. हरकत नाही म्हणून."

ज्याच्या प्रगतिपुस्तकावर मी दात-ओठ खाऊन सह्या केल्या, त्याच्याकडे मी खाली जाऊन बसू का म्हणून सही मागायची. मी अर्ज घेऊन त्याच्या खुर्चीच्या बाजूला, कॅमेऱ्यात न येता, अवघडून उभी राहिले. त्याने समोरच्या भिंतीला "अगदी बरोबर, अगदी बरोबर" म्हणत कागद ओढला, न वाचता सही केली आणि मला अंगठा दाखवला. आमच्या वेळी अंगठा दाखवण्याचा अर्थ वेगळा होता. पण कागद हातात पडला होता, म्हणून मी तो अर्थ सोडून दिला. सेक्रेटरींनी पुढच्या आठवड्यातली एक दुपार ठरवून दिली.

एवढ्यावर राहतं तर काही बिघडलं नसतं. पण समोरच्या दारात समोरची उभी होती. आमच्या मजल्यावर कोणाचं काय चाललंय याची नोंद ठेवायला वेगळ्या माणसाची गरज नाही, समोरची आहे. तिचा भाचा स्पर्धांमधून खेळतो. खेळतो म्हणजे हरून येतो, पण बाहेरगावी जाऊन हरतो, त्यामुळे तिला त्याचा अभिमान आहे.

"काकू, नुसत्या सोंगट्या येऊन काय होतंय?" ती म्हणाली. "ओपनिंग कुठलं खेळणार?"

"म्हणजे?"

"सुरुवात हो. पहिल्या आठ-दहा खेळी. त्यांना नावं असतात. शेकड्याने आहेत. आपल्याला शोभेल ती निवडायची."

निवडायची म्हटल्यावर मला बरं वाटलं. निवड करण्यात माझी हयात गेली आहे. कापड, भाडेकरू, डॉक्टर, मी कशालाही दुसऱ्यांदा बघत नाही. सून मी पहिल्याच भेटीत निवडली. ती चप्पल काढून नीट जोडीने ठेवते हे बघितलं आणि संपलं. तिथे पहिली खेळी निवडायला असा किती वेळ लागणार?

भाच्याला तिथल्या तिथे फोन लागला. तो म्हणाला, राजाचा गॅम्बिट खेळा. राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे, आणि दुसऱ्याच खेळीत त्याच्या शेजारचं, उंटापुढचं प्यादंही दोन घरं. समोरचा ते मारतो.

"मारतो?" मी म्हटलं.

"हो, फुकट द्यायचं. मग तुमच्या हल्ल्याला वाट मोकळी."

"अरे, ओळख नाही पाळख नाही, आणि दुसऱ्याच खेळीत माझं प्यादं त्या माणसाला फुकट द्यायचं?"

"आजी, त्यातच त्याचं सौंदर्य आहे."

तो कायम का हरतो ते मला त्या क्षणी समजलं. तरी मी ती सुरुवात डोक्यात ठेवली, कारण तुलना करायची तर वाईट मालही समोर हवा.

त्याच आठवड्यात माझी दाढ भरायची होती. दाताचे डॉक्टर हौसेने बुद्धिबळ खेळतात हे मला माहीत नव्हतं. तोंडात कापूस कोंबण्याआधी मी सहज बोलून गेले आणि मग अर्धा तास ते बोलले. "मावशी, लंडन. दुसरं काही बघू नका. वजिरापुढचं प्यादं, मग उंट बाहेर, मग प्याद्यांचा डोंगर. समोरचा काय वाटेल ते करू दे, आपण आपलं तेच करायचं. दुखत नाही, खुपत नाही." हे सांगताना ते माझ्या दाढेत जे करत होते ते दुखतही होतं आणि खुपतही होतं, पण मला बोलता येत नव्हतं. मी नुसती घशातून आवाज काढला, तो त्यांनी होकार धरला. "आणि इटालियन मुळीच नको," ते म्हणाले. "तिथे समोरच्याला सगळं पाठ असतं."

घरी येते तो लिफ्टमध्ये सेक्रेटरी. "काकू, तुम्ही इटालियन खेळा. प्यादं, घोडा, उंट. शाळेत तेच शिकवतात. लंडन म्हणजे झोपाळू लोकांचं काम." माझा अर्धा गाल बधिर होता. मी उत्तर द्यायला गेले तर ओठ भलतीकडे गेला. त्यांना वाटलं मी त्यांना वेडावते आहे. पुढे दोन दिवस पाण्याचं प्रेशर कमी होतं. मी काही म्हणत नाही, नुसतं सांगते.

शेवटी मी ह्यांना विचारलं. ह्यांना मी क्वचित विचारते, कारण विचारलं की ते उत्तर देतात.

"घोडा," ते पेपरामागून म्हणाले.

"का?"

"प्यादं पुढे गेलं की परत येत नाही. घोडा येतो. जाऊन बघायचं, नाही आवडलं तर घरी."

इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने स्वतःविषयी मला एवढं कधीच सांगितलं नव्हतं.

आता माझ्यापुढे चार सुरुवाती होत्या, आणि प्रत्येकजण आपली चांगली कशी ते सांगत होता. कुठली जोरकस, कुठली सुंदर, कुठली सोपी. मला त्यातलं काहीच नको होतं. मला चहा येईपर्यंत टिकणारी हवी होती. हे मोजणार कसं? तर जसं मी सगळं मोजते तसं, गॅसवर.

पट ओट्यावर मांडला. एक हत्ती हरवला होता, त्याच्या जागी मिठाची बाटली ठेवली. ह्यांना गॅलरीतून उठवून समोर उभं केलं. ते एका हातात पेपर धरून खेळत आणि तो खाली न ठेवता मला हरवत. बिनबोभाट हरवत, त्याचाच जास्त राग येतो. गॅम्बिट मी दुधावर लावून बघितला. दूध वर यायच्या आत माझा राजा गेला. इटालियन अंड्यांवर लावून बघितली. अंडी मऊ राहिली. घोडा अंडी घट्ट होईपर्यंत टिकला, पण तो सारखा घरी परत येत होता, म्हणजे आम्ही खेळलो असं म्हणता येणार नाही. लंडन मी बटाट्यांवर लावलं. बटाटे शिजले, पाणी आटलं, तरी माझा राजा जागेवर. मला इतका आनंद झाला की गॅसकडे बघायचं राहिलं. आणि ह्यांच्याकडे बघितलं तर ते ओट्याला टेकून उभ्या उभ्या झोपले होते. लंडन टिकलं होतं, कारण समोरून कोणी खेळतच नव्हतं. डॉक्टर बोलले होतेच, दुखत नाही म्हणून. भूल दिली की काय दुखणार आहे?

बटाटे पातेल्याला चिकटले. धूर बाहेरच्या खोलीत गेला. मुलगा खोकत खोकत भिंतीला म्हणाला, "नाही नाही, इकडे सगळं कंट्रोलमध्ये आहे." मी पातेलं उचलायला गेले, त्यात कोपराचा धक्का पटाला लागला आणि पांढरा उंट ओट्यावरून पडून घरंगळत सुनेच्या दाराच्या फटीतून आत शिरला.

उंटाशिवाय लंडन होत नाही. दार हळूच ढकललं. सुनेची पाठ माझ्याकडे, ती बोलत होती, समोर पडद्यावर चौकोनाचौकोनांत बरीच माणसं. कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून मी गुडघ्यांवर बसले आणि रांगत निघाले. या वयात रांगणं सोपं नाही. उंट टेबलाखाली होता. तो मी धरला. पण परत फिरताना गुडघ्याने साथ सोडली आणि तोल सावरायला मी टेबलाची कड पकडून उठले. कुठे उठले ते मला दिसलं नाही. पडद्यावरच्या माणसांना दिसलं. सुनेच्या खांद्यामागून आधी एक हात वर आला, त्या हातात उंट, आणि त्याच्यामागोमाग मी.

पलीकडून तिच्या साहेबांनी फार अदबीने विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

सून माझ्यावर ओरडली असती तर मी तिला पुरून उरले असते. पण ती मीटिंग संपवून स्वयंपाकघरात आली, करपलेलं पातेलं घासायला घेतलं, आणि पाठमोरीच हळू आवाजात म्हणाली, "आई, दुपारी थोडा वेळ तुम्ही कुठे बाहेर जाऊन बसाल का? मला वाईट वाटतंय बोलायला."

"कुठे बसू?" मी विचारलं.

ती पातेलं घासत राहिली आणि मी तो उंट हातात धरून उभी राहिले.

त्यानंतर माझं डोकं जाग्यावर राहिलं नाही. जिथे बघावं तिथे सुरुवाती दिसायला लागल्या. दुकानात रांगेत उभी राहिले तरी पुढच्या माणसाने आधी पिशवी पुढे केली की पाय, हे बघत राही. रस्ता ओलांडताना डावीकडून निघावं की उजवीकडून, याची तुलना करत मी कडेला उभी राही आणि सिग्नल पुन्हा लाल होई. समोरची दिवसातून तीनदा बेल वाजवून भाच्याचे नवे निरोप देत होती. सगळ्या निवडी एका नजरेत करणारी मी, आणि एक लाकडी प्यादं मला निवडता येईना.

ठरलेल्या दुपारी मी खाली गेले तेव्हा खोली भरली होती. समोरची पहिल्या रांगेत, फोन भाच्याला जोडलेला. सेक्रेटरी भिंतीला टेकून. दाताचे डॉक्टर दवाखान्याला कुलूप लावून आले होते, कोणाची तरी दाढ ठणकत ठेवून. हे आले आणि पेपर उघडून बसले. मंडळाचे बाकीचे दोघे, म्हणजे एक निवृत्त पोस्टमास्तर आणि एक कायम टोपी घालणारे काका, निरीक्षकांच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'शांतता राखा' लिहिलेलं.

"पाहुण्यांना पांढऱ्या," निरीक्षक म्हणाले आणि पट माझ्याकडे वळवला. "करा सुरुवात."

मी हात पुढे केला. राजापुढच्या प्याद्यावर नेला. मागून सेक्रेटरींनी समाधानाचा श्वास सोडला. मग मला वाटलं, हे इटालियनही होऊ शकतं आणि गॅम्बिटही, आणि गॅम्बिट झालं तर प्यादं फुकट जातंय. हात वजिरापुढच्या प्याद्यावर नेला. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. मला करपलेल्या बटाट्यांचा वास आला. हात घोड्यावर नेला. ह्यांनी पेपराचं पान उलटलं, त्यात कौतुक होतं की दुसरी बातमी होती ते कळेना. हात परत राजाकडे.

"बाई, हात फार वेळ फिरवू नका," पोस्टमास्तर म्हणाले. "लागला तर तीच सोंगटी चालवावी लागेल. नियम आहे."

"लागला नाहीये."

"लागेल म्हणतो मी."

मी खाली वाकून नीट बघायला गेले आणि माझा चष्मा नाकावरून घसरला. तो थेट पटाच्या कडेला, अगदी टोकाच्या प्याद्यावर पडला आणि ते प्यादं आडवं झालं.

"लागला," पोस्टमास्तर म्हणाले.

"चष्मा लागला. हात नाही," समोरची म्हणाली.

"चष्मा त्यांचाच आहे."

"चष्मा शरीराचा भाग धरायचा का?" सेक्रेटरींनी डॉक्टरांना विचारलं.

"कवळी धरतात," डॉक्टर म्हणाले, "पण मी दातांचा आहे."

टोपीवाले काका म्हणाले की नियमात 'खेळाडूचा स्पर्श' असं लिहिलंय आणि चष्म्याविषयी नियम गप्प आहे. पोस्टमास्तर म्हणाले, नियम गप्प असला की अध्यक्ष बोलतात. सगळे निरीक्षकांकडे बघायला लागले. निरीक्षकांनी माझा चष्मा दोन बोटांनी उचलला, रुमालाने पुसला, माझ्या हातात दिला आणि फार मऊ आवाजात म्हणाले, "असू दे हो. बाई नवीन आहेत. आपण माफ करू. दुसरी खेळा तुम्ही."

त्यांना मी दोष देत नाही. भला माणूस आहे. पण गेले कित्येक महिने सगळे माझ्याशी असंच मऊ बोलत होते. मुलगा मऊ, सून मऊ, तिचे साहेब मऊ. माफ करत करत या लोकांनी मला पार कोपऱ्यात नेऊन ठेवलं होतं.

"कोणी माफी मागितली?" मी म्हटलं. माझा खरा आवाज त्या खोलीत पहिल्यांदाच लागला आणि 'शांतता राखा'चा पुठ्ठा भिंतीवर हलला असावा. "मला तेच खेळायचं होतं." आणि ते टोकाचं प्यादं उभं करून मी एक घर पुढे सरकवलं.

फोनमधून भाच्याचा आवाज आला, "मावशी, आजी काय खेळल्या?" समोरचीने हळूच सांगितलं. तिकडून फोन बंद झाला.

निरीक्षक पटाकडे बघत राहिले. "हे काय आहे?" त्यांनी पोस्टमास्तरांना विचारलं.

"टोकाचं प्यादं. एक घर."

"ते दिसतंय मला. याच्यावर काय खेळतात?"

"काहीही चालतं," पोस्टमास्तर म्हणाले.

"काहीही म्हणजे काय?"

"म्हणजे काहीही. त्यांनी काही अडवलेलंच नाही ना."

इथे मला त्या माणसाची अडचण दिसली. राजापुढचं प्यादं आलं असतं तर त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. वजिरापुढचं आलं असतं तरी होतं. घोड्यावर तर त्यांनी म्हणे एकदा भाषण केलं होतं. पण काहीही चालतं असं त्यांना आयुष्यात कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी हात राजापुढच्या प्याद्यावर नेला. टोपीवाले काका म्हणाले, "मग त्यांनी मुद्दाम एक खेळी वाया घालवली असेल. तुम्हाला पुढे ओढायला." हात मागे आला. वजिरापुढच्या प्याद्यावर गेला. डॉक्टरांना राहवेना, "तुम्हीच लंडन लावा की उलटं." सेक्रेटरी म्हणाले, "लंडन कशाला, सिसिलियन लावा." पोस्टमास्तरांनी त्यांना विचारलं की समोर राजाचं प्यादं आलेलंच नसताना सिसिलियन कशावर लावणार, आणि सेक्रेटरींनी त्यांना विचारलं की मग पत्ता नसलेली पत्रं तुम्ही कशी पोचवत होता. तिथून पुढे कोण काय म्हणालं ते सांगता येणार नाही, कारण सगळे एकदम बोलत होते आणि सगळे उभे होते. मी बसले होते. खिडकीजवळच्याच खुर्चीत. पिशवीतून लोकर काढली आणि विणायला घेतलं. सुया वाजत होत्या, पण आता त्या कोणाला ऐकू येत नव्हत्या.

टपरीवाल्या बाई किटली घेऊन आत आल्या तेव्हा निरीक्षकांचा हात पटावर तसाच तरंगत होता.

"किती कप?" त्यांनी विचारलं.

टोपीवाले काका पटाकडे वाकले. त्यांनी माझ्या राजाला एका बोटाने तपासलं, खरंच शाबूत आहे का म्हणून. "एक वाढवा," ते म्हणाले.

पोस्टमास्तरांना यावर बोलायचं होतं. एकाच खेळीला डाव म्हणायचं का, असा त्यांचा मुद्दा होता. पण सेक्रेटरींनी ठराव पुन्हा वाचला आणि त्यात टिकायचं म्हटलं होतं, हलायचं कुठेच म्हटलं नव्हतं. समोरची भाच्याला कळवायला वर पळाली. डॉक्टर ठणकत्या दाढेकडे परत गेले. हे उठले, मला म्हणाले, "घोडा खेळली असतीस तर बरं दिसलं असतं," आणि गॅलरीकडे निघाले.

मग खोलीत आम्ही चौघंच राहिलो. चहा बरा होता. माझ्या हातच्यापेक्षा पाणचट, पण बरा. निरीक्षकांनी दोन घोट घेतले. मग म्हणाले, "वर किती जणांचं ऑफिस चालतं तुमच्याकडे?"

"दोघांचं. मुलगा आणि सून."

"माझ्याकडे तिघांचं. मुलगी, जावई आणि आता जावयाचा भाऊ आलाय, त्याचंही घरूनच." त्यांनी आवाज खाली आणला. "माझी खुर्ची त्याला दिली. तिला चाकं आहेत म्हणून."

"आमच्याकडे एकच," पोस्टमास्तर म्हणाले, "पण ती वकील आहे."

टोपीवाल्या काकांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. ती घरात घालायला बंदी आहे, कारण पडद्यावर विचित्र दिसते, हे मला पोस्टमास्तरांनी सांगितलं.

निरीक्षकांनी कप खाली ठेवला, हात झटकले आणि पुन्हा पटावर वाकले. "चला, माझी खेळी राहिलीय. कुठलंतरी प्यादं ढकलतो आणि संपवतो एकदाचं."

"संपवून कुठे जायचंय?" मी विचारलं.

ते थांबले. त्यांनी पोस्टमास्तरांकडे बघितलं, मग टोपीकडे.

"तसं कुठे नाही."

"मग हात खाली घ्या," मी म्हटलं. "आणि नीट विचार करा."

त्यांनी हात खाली घेतला.